जावेचे एकशेवीस

धाकटी जाऊ या घरात आली त्या दिवशीच मी तिची कमरेखाली रुळणारी वेणी बघितली आणि मनात म्हटलं, झालं. पुढे काय काय सोसावं लागणार याचा मला तिथेच अंदाज आला. तिची भाकरी टम्म फुगायची. तिनं लावलेली मिरचीची रोपं जगायची, माझी दुसऱ्या दिवशी माना टाकायची. तिच्या शेळीला जुळी व्हायची. मी बीडला राहून बी.एस्सी. केलेलं, तेही भौतिकशास्त्र घेऊन, आणि ती बारावी; पण घरात काही विचारायचं असलं की आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, आधी तिच्याकडे बघायच्या. मी हेवा करते असं कुणी तोंडावर म्हणालं तर मी भांडेन. इथे लिहायला हरकत नाही. करते मी हेवा.

चौसाळ्याच्या हमरस्त्यावरून आत वळलं की आमची जमीन लागते. वाटणी झाली तेव्हा आमच्या ह्यांनी रस्त्याच्या बाजूचं रान मागून घेतलं. रस्त्याच्या बाजूचं म्हणजे माळाचं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर मला सांगितलं नाही. माझं रान विहिरीपासून वर वर चढत जातं. धाकटीचं खाली ओढ्याकडे उतरतं, काळं, ओल धरून ठेवणारं. दोघींच्याही रानात सीताफळं. दीर पुण्याला कंपनीत, सणावाराला येतात, त्यामुळे तिचं रान ती एकटीच बघते. याचीही लोक मला दर चार दिवसांनी आठवण करून देतात, जणू माझ्या नवऱ्यानं घरी राहून माझ्यावर काही उपकारच केलेत.

विहीर मात्र वाटली नाही. ती सामाईक. मोटर एक, तिच्यातून निघणारा मोठा पाइप एक, आणि विहिरीच्या कठड्याजवळ त्याच्या दोन वाटा होतात. दोन्ही वाटांवर एकेक कॉक. या दोन कॉकना हात लावायचा हक्क फक्त मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. वाटणीच्या दिवशी त्यांनी दोन्ही कॉकवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दांडी रेघेवर राहील, माझ्याशिवाय कुणी हलवायची नाही. तेव्हापासून लाइट आली की मामा कठड्यावर येऊन बसतात, दांड्या रेघेवर आहेत का बघतात आणि मग मोटर चालू होते. तिथून पुढे पाणी विहिरीच्या दोन अंगांना आपापल्या फिल्टरकडे जातं. फिल्टरजवळही एक छोटा कॉक असतो, पण तो ज्याचा त्याचा. त्याच्याकडे मामा बघत नाहीत.

माझ्याकडे ठिबक आधीपासून होतं. फिल्टरवर प्रेशर दाखवणारं घड्याळ बसवलेलं असतं. माझ्या घड्याळाची काच धुरकटलेली, काटा बारीक, आकडे शून्यापासून चारापर्यंत. दोन्ही रेघा बरोबर असल्या की तो काटा एक पॉइंट दोनवर येऊन थांबतो. आमच्याकडे त्याला सगळे सव्वा किलो म्हणतात. एक चौरस सेंटिमीटर जागेवर किती किलोचा भार, असं ते माप. पण बोलताना जागा गळून जाते आणि नुसता किलो राहतो. दुकानदारही विचारतो, किती किलो प्रेशर येतंय ताई?

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला धाकटीनं ठिबक बसवलं. सगळं नवंकोरं. आणि त्या नव्या फिल्टरवर वेगळ्याच बनावटीचं घड्याळ आलं: तळहाताएवढं, चकचकीत कड्याचं, आत काटा थरथरू नये म्हणून तेल भरलेलं. मोटर चालू झाली आणि तो काटा सावकाश, ऐटीत वर चढला आणि एकशेवीसवर जाऊन थांबला.

मामा वाकून बघत होते. त्यांना आकडे वाचता येतात. आकड्याखाली बारीक इंग्रजीत काय लिहिलंय ते येत नाही, आणि त्यांनी ते विचारलंही नाही.

"एकशेवीस किलो!" मामा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. मला ती अक्षरं दिसत होती. किलोपास्कल. आता हे मी गावातल्या कॉलेजात अकरावीला शिकवते, तासिका तत्त्वावर का होईना. शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार. चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे अठ्ठ्याण्णव किलोपास्कल, थोडे वर. म्हणजे तिचं एकशेवीस आणि माझं एक पॉइंट दोन हे एकच पाणी, एकच जोर. फक्त माप वेगळं. पोरं दरवर्षी यात चुकतात आणि मी दरवर्षी फळ्यावर तेच लिहिते. मी तिथल्या तिथे मनात गुणाकार केला. एक पॉइंट दोन गुणिले अठ्ठ्याण्णव, एकशे सतरा आणि काहीतरी. तिचा काटा एकशेवीसवर. म्हणजे नीट हिशेब केला तरी दोन-अडीचनं ती पुढेच होती. काट्याची जाडीच त्याहून जास्त असेल, हे मला समजतं. तरीही मला ते लागलं.

त्या वेळी मी बोलले नाही. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. पण गावात बातमी माझ्याआधी पोचली. धाकटीच्या पाण्याला लई जोर. एकशेवीस किलो म्हणं. बघायला माणसं यायला लागली. ती आपली डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांना चहा करून द्यायची. तिच्या चहाचंही कौतुक झालं.

त्यातच ऊन तापलं. सीताफळाला फुलं यायची ती वेळ, आणि नेमकी त्याच वेळी पाण्याची ओढ बसली तर फूल गळून पडतं. माझ्या माळाकडच्या वरच्या ओळीत फूलगळ सुरू झाली. मला कारण माहीत होतं. पाणी एक मीटर वर चढवायला दहा किलोपास्कल खर्ची पडतात, आणि माझी शेवटची ओळ फिल्टरपेक्षा कमरेएवढी उंच आहे. लांबच्या नळीत घासूनही जोर जातो; तिथवर पोचेपर्यंत पाणी दमतं, झाडाच्या बुडाशी थेंब टाकणारे ड्रिपर नुसते ओले होतात. पण मामांनी ती गळलेली फुलं बघितली आणि त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा दोघींना आणि आमच्या ह्यांना विहिरीवर बोलावलं.

"ह्या बाजूला सव्वा किलो आन् त्या बाजूला एकशेवीस," मामा म्हणाले. "ह्यो काय न्याय झाला व्हय? म्या रेघा मारल्या त्याच चुकल्या असतील. उद्यापासून धाकटीचा कॉक निम्मा बंद करायचा. एकशेवीसचं साठ झालं तरी तिला बक्कळ हाय."

साठ किलोपास्कलला ठिबक धड चालत नाही. निम्मे ड्रिपर थेंबही टाकत नाहीत. तिचं खालचं रान कितीही ओल धरो, त्या उन्हात अर्धी बाग तरी गेली असती. हे त्या विहिरीवर फक्त मला कळत होतं.

मी धाकटीकडे बघितलं. वाटलं, आता ही रडेल, निदान तोंड पाडेल. ती म्हणाली, "बरं मामा." आणि घागर उचलून चालायला लागली. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू. माझं पाणी कुणी असं निम्मं केलं असतं तर मी तिथे बसकण मारली असती.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं समजावलं. बार, किलोपास्कल, अठ्ठ्याण्णव. जेवणाच्या ताटाशेजारी खडूनं फरशीवर लिहून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी वरण मागितलं.

"मंजी दोघींचं सारखंच हाय?"

"सारखंच."

"मग आपल्याला फुकटात जास्त मिळायलंय न्हवं? तू कावून तोंड उघडायलीस? बापानं ठरवलंय, आपण मागितलं न्हाई. गप बस."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. मी गप बसायचं ठरवलं. माझी वरची ओळ मला दिसत होती. मामांनी तिचा कॉक दाबला की माझा काटा सहज दीडच्या पुढे जाणार, शेवटच्या झाडापर्यंत पाणी धावणार, आणि भाद्रपदात माझी फळं तिच्यापेक्षा मोठी निघणार. आयुष्यात एकदा तरी. मी दुपारभर त्या फळांचाच विचार करत होते. कुठलं फळ कुठं ठेवायचं, आत्याबाईंच्या हातात पहिलं कुठलं द्यायचं, इथपर्यंत.

संध्याकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. तिथे आमच्या आळीतल्या एक काकू बसल्या होत्या. त्यांच्याशी माझं वाकडं नाही. उलट त्या मला चांगलं वाटावं म्हणूनच बोलल्या असतील.

"तुझ्या जावेचं प्रेशर एकशेवीस हाय म्हणं," काकू म्हणाल्या. "आन् तुजं सव्वाच. आसंच आसतंय बाई. एकेकाच्या हातालाच बरकत आसती. तुमी तरी काय करनार, शिकलेल्या बाया."

बस. पाणी मिळणार होतं, फळं मिळणार होती, सगळं खरं. पण भाद्रपदात माझी फळं मोठी निघाली तरी काकू काय म्हणणार होत्या? की धाकटीनं आपल्या एकशेवीसातले साठ काढून हिला दिले. हिची पुंजी सव्वाची. ती जन्मभर मोठ्या मनाची ठरली असती आणि मी सव्वाची. हे माझ्याच्यानं सोसवलं नसतं. मी दळण तिथेच ठेवलं आणि गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून सांगायला लागले की माझं आणि तिचं सारखंच आहे, किलो वेगळा आणि किलोपास्कल वेगळा, आणि काकूंनी पाहिजे तर माझ्याबरोबर कॉलेजात येऊन पुस्तकात बघावं.

काकूंनी सगळं ऐकलं. मग गिरणीवाल्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "जळती."

आणि त्यांचं चुकलं नव्हतं, हीच तर अडचण. मी जळतही होते आणि खरंही बोलत होते. यातलं एकच काय ते लोकांना दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट यायच्या आधीच मी पाना आणि टेफ्लॉन टेप घेऊन विहिरीवर गेले. मामा येऊन बसले होते, कॉकच्या दांडीवर हात ठेवून. मी म्हटलं, "मामा, जरा थांबा. मला दोन्ही घड्याळं काढू द्या."

"कावून?"

"ह्याचं तिकडं अन् त्याचं इकडं बसवते. मग बघा."

आमचे हे लिंबाखाली उभे होते. ते पुढे आले नाहीत. धाकटी आली. तिनं माझ्या हातातला पाना धरायला घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. कशाला उगं." मला वाटलं, घाबरली असेल, आपलं एकशेवीस जातंय म्हणून. मी म्हटलं, तू पाना धर. तिनं धरला. दोन्ही घड्याळांचे आटे एकाच मापाचे होते. तिचं तेल भरलेलं घड्याळ माझ्या फिल्टरवर, माझं धुरकट तिच्यावर. टेप गुंडाळली, आवळलं, आणि लाइट आल्यावर मामांना म्हटलं, दोन्ही दांड्या तुमच्या रेघेवर ठेवा आणि मोटर चालू करा.

काटा माझ्या पाइपावर वर चढला. सावकाश, ऐटीत. एकशेवीसला किंचित कमी, पण एकशेवीसच म्हणा. माझ्या पाइपावर. मामा उठून माझ्या फिल्टरपाशी आले, बघितलं, मग कठड्यावरून वळसा घालून धाकटीच्या फिल्टरपाशी गेले आणि डोळे बारीक करून धुरकट काचेत बघितलं. सव्वा.

"आता हितं एकशेवीस आन् तितं सव्वा?"

"पाणी तेच आहे मामा. घड्याळ बदललं. माप वेगळं आहे, जोर सारखाच. तुमच्या रेघा बरोबर आहेत."

तुमच्या रेघा बरोबर आहेत, हे ऐकल्यावर मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे धाकटीकडे बघतात तसं बघितलं. "आपलं पानी वाढत होतं तरी खरं बोलली," ते लिंबाकडे तोंड करून आमच्या ह्यांना म्हणाले. "हिला म्हन्त्यात मोठं मन." हे वळून घराकडे चालायला लागले. पुढचे दोन दिवस त्यांनी जेवताना वरणही मागून घेतलं नाही.

मी मोठ्या मनाची नव्हते. मला ते एकशेवीस तिच्या नावावर खपत नव्हतं, म्हणून मी माझ्या हातानं माझं पाणी घालवलं. पण हे मामांना सांगायची काही गरज नव्हती. आणि आणखी एक सांगते. तिचं घड्याळ परत द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, राहू दे आज, उद्या बदलू. दिवसभर मी चार वेळा माझ्या फिल्टरपाशी जाऊन ते बघून आले. सारखंच आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी एकशेवीस दिसलं की बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते खोलून तिला देऊन टाकलं आणि माझं धुरकट परत आणलं.

मामांनी दांड्या रेघेवरच ठेवल्या. कॉक निम्मा करायचा विषय संपला. गावात आता थोरलीचं मोठं मन असं म्हणू लागले. मला ते चार दिवस फार आवडले.

मग एका सकाळी मी माझ्या घड्याळाची काच पदरानं पुसली आणि बघितलं, काटा एक पॉइंट तीनवर. वाटलं, पुसताना धक्का लागला असेल. टिचकी मारून बघितलं. एक पॉइंट तीनच. दुसऱ्या दिवशीही तेच. विहिरीवर जाऊन दांड्या बघितल्या, दोन्ही रेघेवर. मोटर तीच. आणि वरच्या ओळीत ड्रिपर थेंब टाकायला लागले होते, फूलगळ थांबली होती. मामांच्या कॉकमधून जे येत नाही ते कुठून तरी येत होतं, आणि येऊन येऊन येणार कुठून?

मी खाली धाकटीच्या रानात गेले. ती बांधावर गवत काढत होती. तिच्या त्या तळहाताएवढ्या घड्याळाचा काटा एकशेदहावर होता. फिल्टरजवळचा तिचा स्वतःचा छोटा कॉक मी बघितला. तो थोडा वळवून ठेवलेला होता. कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत.

तिथे उभ्या उभ्या माझा हिशेब झाला. माझं एक पॉइंट तीन म्हणजे एकशे सत्तावीसच्या पुढे. आधी होतं एकशे सतराच्या पुढे. तिनं तिकडं दहा सोडले आणि माझ्याकडे दहा आले. दहा किलोपास्कल म्हणजे एक मीटरचा चढ. माझी शेवटची ओळ फिल्टरपेक्षा कमरेएवढी उंच आहे. तिला हा हिशेब येत नव्हता, तिनं रोज थोडा थोडा कॉक वळवून माझ्या वरच्या झाडांकडे बघितलं असणार, बस.

मी विचारलं, "हा कॉक कावून वळवलास?"

ती उठली. विळ्याला लागलेली माती झटकली. "तुमच्या वरच्या वळीची फुलं गळायली होती अक्का. माजं खोलगट रान हाय, ओल ऱ्हाती. मामा तवा माजा कॉक दाबनार होते ना, तवाच मी म्हणलं, बरं होईल, अक्काच्या झाडाला मिळंल. पर तुमी घड्याळंच बदलून दावली."

म्हणजे विहिरीवरचं ते "बरं मामा" त्यासाठी होतं. आणि ते "ऱ्हाऊ द्या अक्का" पण. तिला आपलं एकशेवीस जाईल म्हणून भीती नव्हती. निम्मी बाग जाईल हे तिला कळलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

मी म्हटलं, "मग मला सांगायचं होतंस."

"तुमी घेतलं नसतं," ती म्हणाली. "माज्याकडून न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजरी घालायची का ज्वारी, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. वेणी, भाकऱ्या, मिरच्या, एकशेवीस, सगळं. मी इतकी वर्षं जे पदराआड जपून ठेवलं होतं ते ती पहिल्या दिवसापासून बघत होती, आणि बघूनही मला अक्का म्हणत होती.

माझा हात तिच्या कॉकवर होता. मला तो पूर्ण उघडायचा होता. मला ते दहा किलोपास्कल तिच्या तोंडावर परत फेकायचे होते. पण वरच्या ओळीत फुलं टिकली होती, मी ती सकाळीच बघून आले होते. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, गवत राहू दे आता, ऊन झालंय. ती हसली.

तो कॉक अजून तसाच वळलेला आहे. मी परत तिच्या फिल्टरपाशी गेले नाही. माझा काटा मात्र रोज बघते, आणि तो एक पॉइंट तीनवर दिसला की मला आधी बरं वाटतं आणि लगेच तिचा राग येतो.